‘अँतूशाब्ल’ची मैत्री: मानेखालचे शरीर, बेकारभत्ता आणि दया नाकारणारा मालक

पॅरिसमधल्या एका जुन्या, सरंजामी थाटाच्या घरात रुग्णसेवकाच्या जागेसाठी मुलाखती चालू आहेत. बाहेर बसलेल्या उमेदवारांकडे प्रमाणपत्रे आहेत आणि आपल्याला अपंगांविषयी किती कळवळा आहे हे सांगणारी घोटून पाठ केलेली वाक्येही आहेत. त्या रांगेतून द्रिस नावाचा एक उंचापुरा तरुण कंटाळून आत घुसतो आणि आपल्याला नोकरी नको असून कागदावर फक्त एक सही हवी आहे, असे सरळ सांगून टाकतो. फ्रान्समध्ये बेकारभत्ता चालू ठेवायचा असेल तर आपण खरोखर काम शोधत आहोत हे दाखवावे लागते. द्रिसला तेवढ्यापुरता एका मालकाचा लेखी नकार हवा आहे. समोर चाकाच्या खुर्चीत बसलेला फिलीप मानेखालचा कोणताही अवयव हलवू शकत नाही, त्यामुळे तो जागच्या जागी सही करू शकणार नाही, याचे भानही द्रिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद न्यायला आलेल्या या तरुणाला फिलीप नकाराऐवजी महिनाभराची उमेदवारी देऊ करतो.

ही गोष्ट ‘अँतूशाब्ल’ या फ्रेंच चित्रपटाची आहे. अमेरिकेत तो ‘द इन्टचेबल्स’ या नावाने ओळखला जातो. ओलिव्हिए नाकाश आणि एरिक तोलेदानो या जोडीने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २ नोव्हेंबर २०११ रोजी फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला आणि त्या एका देशात त्याची सुमारे १ कोटी ९४ लाख तिकिटे विकली गेली. फ्रान्सची लोकसंख्या तेव्हा साडेसहा कोटींच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. फिलीपची भूमिका फ्रांस्वा क्लुझे यांनी आणि द्रिसची ओमार सी यांनी केली असून, २०१२ मध्ये सी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सेझार हा फ्रान्सचा मानाचा चित्रपट पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अभिनेते ठरले.

असा चित्रपट ‘हृदयस्पर्शी’ या एका शब्दात गुंडाळून ठेवणे फार सोपे असते. श्रीमंत अपंग माणूस, गरीब धडधाकट माणूस, दोघांना एकमेकांचा लळा लागतो, एवढ्यावर गोष्ट आटोपते. मात्र ती मैत्री नेमकी कशावर उभी आहे हे समजून घ्यायचे असेल, तर आधी फिलीपच्या शरीरात काय घडते ते पाहावे लागते आणि मग फ्रान्समधल्या पैशाचा आणि वस्त्यांचा हिशेब मांडावा लागतो. चित्रपट यातले बरेच काही दाखवतो. पण विनोदाच्या ओघात प्रेक्षक ते मागे टाकून पुढे जातो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचायला हरकत नाही, कारण फोडता येईल असे रहस्य त्यात फारसे नाही.

पॅराग्लायडिंग करताना झालेल्या अपघातात फिलीपच्या मानेचे तिसरे आणि चौथे मणके मोडले आहेत. आपल्या मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूकडून हातापायांना जाणारे हुकूम आणि त्वचेकडून मेंदूला येणाऱ्या खबरा या एकाच वाटेने जातात. ही वाट जिथे तुटते त्याच्या खालचा सगळा प्रदेश मेंदूपासून तुटतो. कमरेजवळ इजा झाली तर पाय जातात, हात राहतात. मानेत झाली तर हातपाय दोन्ही जातात. इजा मणकाभर वर की खाली, याला फार मोठे महत्त्व असते, कारण श्वासपटल हलवणारी नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चेतांच्या (मज्जातंतूंच्या) मुळांपासून निघते. इजा याच्याही वर असती तर फिलीपला श्वासासाठी कायम यंत्र लागले असते. तो स्वतः श्वास घेतो, बोलतो, गिळतो आणि मान वळवतो. चित्रपटातल्या त्याच्या संपूर्ण अभिनयाला एवढेच भांडवल उपलब्ध आहे, आणि क्लुझे यांनी दोन तास केवळ डोळे, ओठ आणि श्वास यांवर भूमिका पेलली आहे. पुरस्काराच्या वेळी सगळे लक्ष द्रिसकडे गेले, तरी हे काम मला जास्त अवघड वाटते.

आता चहाचा प्रसंग घ्या. फिलीपला पायांत काही जाणवत नाही हे कळल्यावर द्रिस उकळत्या चहाची किटली त्याच्या पायावर ओततो, तो ओरडत नाही हे पाहून चकित होतो आणि पुन्हा ओततो. चित्रपटगृहात या वेळी हशा पिकतो. पण वेदना न जाणवणे म्हणजे इजा न होणे असे मुळीच नाही. त्वचा तशीच भाजते, फोड तसाच येतो. फक्त खबर वर पोहोचत नाही. म्हणूनच अशा रुग्णाच्या घरात गरम पाण्याची पिशवी, तापलेला लॅपटॉप किंवा उन्हात ठेवलेल्या खुर्चीचा धातूचा दांडा या वस्तू धोकादायक ठरतात, आणि आंघोळीचे पाणी आधी दुसऱ्याने हाताने पाहावे लागते. द्रिसने केलेला हा प्रयोग प्रत्यक्षात गुन्हा ठरला असता. चित्रपट तो हसण्यावारी नेतो आणि माझ्या मते त्याच्या पहिल्या भागातली ही सर्वात मोठी सवलत आहे.

न जाणवण्याचे आणखी एक रूप आहे. आपण खुर्चीत बसलो की दर काही मिनिटांनी नकळत वजन या कुशीवरून त्या कुशीवर टाकतो, कारण दाबामुळे रक्त अडले की त्वचा तक्रार करते. फिलीपची त्वचा तक्रार करत नाही. तिथे रक्त अडून राहिले तर काही तासांत लाल चट्टा उठतो, मग जखम होते आणि ती हाडापर्यंत खोल जाऊ शकते. या शय्याव्रणांपासून बचाव करायचा तर अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, खुर्चीत त्याहून लवकर वजन हलवावे लागते, आणि हे काम दिवसरात्र, सणवार न पाहता, दुसऱ्या कुणाला तरी करावे लागते. चित्रपटात सकाळच्या तयारीचे प्रसंग आहेत: अंग चोळणे, हातापायांना व्यायाम देणे, पायांत घट्ट मोजे चढवणे. हे मोजे पाहून द्रिस बिथरतो, कारण त्याला ते बायकी वाटतात. त्या मोज्यांचे काम मात्र साधे आणि गरजेचे आहे. चालताना पिंडऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. ते स्नायू गप्प झाले की रक्त पायांत साठते, माणसाला उठवून बसवले की रक्तदाब एकदम खाली जातो आणि त्याला भोवळ येते. मोजे बाहेरून दाब देऊन ते काम काही प्रमाणात भरून काढतात.

त्यानंतर येते ते काम, ज्याविषयी द्रिस निक्षून नाही म्हणतो. फिलीपचे आतडे स्वतःच्या इच्छेने मोकळे होत नाही. हातमोजा घालून कुणीतरी ते मोकळे करून द्यावे लागते. आपण अनोळखी माणसासाठी असले काही करणार नाही, असे द्रिस ठणकावतो, आणि पुढे कधीतरी तो ते करू लागतो, याचा केवळ अंदाज आपल्याला येतो. चित्रपट तो क्षण दाखवत नाही. या कामात घृणेहून मोठी गोष्ट धोक्याची आहे. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जू तुटलेल्या माणसाचे मूत्राशय तुंबले, आतडे भरले किंवा कपडा कुठे रुतला, तरी तुटलेल्या भागाखालचे शरीर आपल्यापरीने धोक्याची घंटा वाजवते, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब भराभर चढतो. वरून मेंदूने ‘पुरे’ म्हणावे तर तो हुकूम खाली पोहोचत नाही. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, कपाळ घामाने भिजते, आणि कारण दूर केले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे लघवीच्या नळीला पडलेली एक पीळ सोडवणे हे अशा घरात कधी कधी जीव वाचवण्याचे काम असते. हे काम ज्याच्या हाती आहे त्याच्याविषयी रुग्णाच्या मनात काय असते, याची कल्पना करून पाहावी.

रात्रीचा प्रसंग चित्रपटातल्या सर्वात खऱ्या प्रसंगांपैकी आहे. फिलीपचा श्वास कोंडतो, कण्हण्याचा आवाज छोट्या ध्वनियंत्रातून शेजारच्या खोलीत ऐकू येतो, आणि द्रिस धावत येऊन त्याच्या कपाळावर ओला कपडा ठेवतो. ज्या शरीरात काहीच जाणवत नाही तिथे दुखते कसे, हा प्रश्न साहजिक आहे. चित्रपटात या वेदनांना आभासी वेदना म्हटले आहे. पण त्या आभास नसतात. खालून खबरा येणे थांबले तरी वरची केंद्रे आणि तुटलेल्या टोकाजवळच्या चेतापेशी शांत बसत नाहीत. त्या आपणच खोटे संदेश पेटवत राहतात आणि मेंदूला ते जळत्या पायांसारखे किंवा चिरडलेल्या हातांसारखे वाटतात. नेहमीची वेदनाशामके यावर फार चालत नाहीत. द्रिस त्याला पहाटे चारला सेन नदीच्या काठी हवेवर नेतो आणि गांजाचा झुरका देतो. हा वैद्यकीय सल्ला खचितच नाही, आणि चित्रपटही तसा आव आणत नाही. पण ज्या रात्री डॉक्टर घरी नसतो त्या रात्री रुग्णसेवकाला काय काय ठरवावे लागते हे त्यातून कळते.

त्याच रात्रीच्या गप्पांतून पुढे आलेली कानांची गोष्ट अनेकांना निव्वळ विनोद वाटते. फिलीपला शरीरसुखाची एक जागा उरली आहे आणि ती म्हणजे कान. यामागे शरीररचनेचे अगदी नेमके कारण आहे. कानाच्या पाळीची संवेदना मानेतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चेतांमार्फत आणि थेट मेंदूतून निघणाऱ्या चेतांमार्फत येते, म्हणजे इजेच्या वरच्या वाटेने येते. त्यामुळे जिथे शरीराचा नकाशा पुसला गेला आहे तिथे चेहरा, ओठ, टाळू आणि कान एवढाच प्रदेश शिल्लक राहतो आणि तो पूर्वीपेक्षा अधिक जागा होतो. एका अपंग माणसाच्या कामजीवनाविषयी इतक्या मोकळेपणाने आणि ओशाळे न होता बोलणारे लोकप्रिय चित्रपट फार नाहीत.

इतके शरीरपुराण सांगण्याचे कारण असे, की ‘दया नको’ हे फिलीपचे वाक्य त्याशिवाय नीट कळत नाही. त्याचा एक स्नेही त्याला सावध करायला येतो: हा मुलगा तुरुंगातून सुटलेला आहे, उपनगरांतल्या या पोरांच्या मनात दयामाया नसते. फिलीप म्हणतो, मला तेच हवे आहे. आणि तो उदाहरण देतो: द्रिस मला सारखा टेलिफोन हातात द्यायला येतो, कारण मी अपंग आहे हे तो विसरतो. या उत्तरात सगळा चित्रपट आहे. दिवसातून पंधरा-वीस वेळा ज्याचे शरीर दुसऱ्याच्या हातात जाते, त्याला तो हात हळवा असण्यापेक्षा सहज असणे अधिक महत्त्वाचे वाटते. कळवळ्याने भरलेला माणूस कूस बदलताना सुस्कारे टाकतो, चमचा तोंडाशी नेताना लहान मुलाशी बोलावे तसे बोलतो आणि रुग्णाला दर खेपेस आपल्या दुर्दैवाची आठवण करून देतो. द्रिस चमचा भरवता भरवता समोरच्या सुंदर सेक्रेटरीकडे पाहत बसतो आणि घास फिलीपच्या डोळ्यात जातो. यात बेफिकिरी आहे, पण फिलीपच्या दृष्टीने त्यात एक मोठी सोय आहे: या माणसासमोर त्याला रुग्णाचे काम करावे लागत नाही.

मैत्री जमते ती या कामाच्या पोटात. दोघे एकत्र जेवतात, शेजारच्या खोलीत झोपतात, एकाच गाडीने फिरतात आणि रात्री-अपरात्री एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात. रुग्णाची गाडी म्हणून घेतलेली मोठी व्हॅन पाहून द्रिस म्हणतो की मालकाला घोड्यासारखे मागे चढवणार नाही, आणि झाकून ठेवलेली मासेराटी काढतो. एका चित्रप्रदर्शनात पांढऱ्या फलकावरच्या लाल डागाची किंमत ऐकून तो हैराण होतो, मग स्वतःच रंग घेऊन बसतो, आणि फिलीप ते चित्र एका ओळखीच्याला ११,००० युरोंना विकून टाकतो. फिलीपच्या वाढदिवशी वाद्यवृंद विवाल्डी आणि बाख वाजवतो. द्रिस एकेक रचना ऐकून ती आपण कुठल्या जाहिरातीत किंवा टेलिफोनवर ताटकळताना ऐकलेली आहे ते सांगतो आणि मग आपले नाचाचे संगीत लावतो. हे प्रसंग उच्चभ्रू अभिरुचीची टिंगल म्हणून रंगवले आहेत, पण त्यांत फिलीपचा आनंद चोरट्या सहभागीचा आहे. आयुष्यभर ज्या गोष्टींना गंभीरपणे मान डोलवावी लागली त्यांच्यावर हसण्याची मुभा त्याला पहिल्यांदा मिळते.

आता खऱ्या माणसांकडे येऊ. फिलीपचे मूळ म्हणजे फिलीप पोझो दी बोर्गो. त्यांचा जन्म १९५१ मध्ये ट्युनिसला, कॉर्सिकातल्या एका खानदानी कुळात झाला. याच कुळातले कार्लो आंद्रेआ पोझो दी बोर्गो हे नेपोलियनचे कट्टर विरोधक म्हणून रशियाच्या झारच्या सेवेत मुत्सद्दी होते. फिलीप हे पोमेरी या शँपेन कंपनीत वरिष्ठ पदावर होते. जून १९९३ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, आल्प्समध्ये पॅराग्लायडिंग करताना त्यांना अपघात झाला. त्यांची पत्नी बेआत्रिस कर्करोगाने आजारी होत्या आणि १९९६ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या घरी रुग्णसेवक म्हणून आलेले आब्देल सेलू हे अल्जीरियात जन्मलेले, पॅरिसमध्ये वाढलेले आणि तुरुंगवास भोगून आलेले तरुण होते. ते पुढे सुमारे दहा वर्षे फिलीप यांच्यासोबत राहिले. पोझो दी बोर्गो यांनी २००१ मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले; नंतर या दोघांवर एक माहितीपट निघाला, तो नाकाश आणि तोलेदानो यांनी पाहिला आणि तिथून चित्रपटाची कल्पना पुढे गेली. आपली गोष्ट सांगायची तर ती हसवणारी असावी, असा पोझो दी बोर्गो यांचा आग्रह होता.

चित्रपटाने यात जे बदल केले ते पाहण्यासारखे आहेत. दहा वर्षांचा सहवास काही महिन्यांवर आला. बेआत्रिस यांचे आजारपण, म्हणजे घरात एकाच वेळी दोन रुग्ण असण्याचा तो काळ, गोष्ट सुरू होण्याआधी संपलेला दाखवला, त्यामुळे फिलीपच्या दुःखाला एक स्वच्छ कडा मिळाली. आणि अल्जीरियन आब्देलच्या जागी सेनेगाली वंशाचा द्रिस आला. शेवटच्या बदलाचे एक कारण सरळ आहे: दिग्दर्शकांनी याआधीही ओमार सी यांच्याबरोबर काम केले होते आणि भूमिका त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. पण वादही इथेच उभा राहिला.

‘व्हरायटी’ या अमेरिकी नियतकालिकाच्या समीक्षेत चित्रपटावर वंशवादाचा उघड आरोप झाला. आक्षेपाचा रोख असा होता की गोऱ्या श्रीमंताच्या उदास घरात हास्य, नाच आणि जिवंतपणा आणणारा काळा नोकर ही अमेरिकी पडद्यावरची फार जुनी आणि अपमानास्पद प्रतिमा आहे. फ्रान्समध्ये बहुतेकांना हा आरोप परका वाटला, कारण तिथे या चित्रपटाकडे वंशापेक्षा वर्ग आणि वस्ती यांच्या दृष्टीने पाहिले गेले. पॅरिस शहराभोवती ३५ किलोमीटर लांबीचा एक वर्तुळाकार महामार्ग आहे. तो १९७३ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या आत मुख्य शहर, आणि बाहेर दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई भागवण्यासाठी उभारलेल्या उंच इमारतींच्या वसाहती, असे ढोबळ चित्र आहे. कारखान्यांसाठी उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतून आणलेली कुटुंबे कालांतराने तिथे स्थिरावली, कारखाने बंद पडले आणि मुलांच्या वाट्याला बेकारी आली. ऑक्टोबर २००५ मध्ये क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांना चुकवण्यासाठी विजेच्या उपकेंद्रात लपलेली दोन मुले विजेचा धक्का बसून मरण पावली. त्यानंतर तीन आठवडे दंगली चालल्या आणि सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. चित्रपट आला तेव्हा या घटनेला पुरती सहा वर्षे झाली होती. द्रिसचे गर्दीने भरलेले घर, न्हाणीघरात सतत घुसणारी भावंडे, रात्रपाळीत साफसफाई करणारी, त्याला आईसारखे वाढवणारी बाई आणि तिने त्याला घराबाहेर काढणे हे प्रसंग फ्रेंच प्रेक्षकाने त्या पार्श्वभूमीवर पाहिले.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, पण सारखे नाही. द्रिसला विनोद, नाच आणि चालूपणा भरपूर दिला आहे; त्याच्या घरच्या अडचणीला मात्र चित्रपट दोन-तीन प्रसंगांपलीकडे वेळ देत नाही. फिलीपच्या एका रात्रीच्या वेदनेला जितके लक्ष मिळते तितके द्रिसच्या सहा महिन्यांच्या तुरुंगवासाला मिळत नाही. ही उणीव खरी आहे. पण द्रिस हा मालकाच्या उद्धारासाठी झिजणारा सोशिक सेवक नाही, हेही खरे. तो पगार घेतो, हुज्जत घालतो, नको ती कामे नाकारतो आणि फिलीपच्या वाया गेलेल्या मुलीला सरळ करायला त्याच्या परवानगीची वाट पाहत नाही.

ज्या गोष्टीविषयी चित्रपट खरोखर गप्प राहतो ती पैशाची आहे. फिलीपच्या घरात घर सांभाळणारी बाई आहे, सेक्रेटरी आहे, परिचारिका आहे, व्यायाम देणारी तज्ज्ञ आहे आणि इतर नोकर आहेत. द्रिसला पहाटे चारला मालकाला नदीकाठी न्यायची चैन परवडते, कारण दुसऱ्या दिवशीची कामे एकट्याच्या डोक्यावर नसतात. पाच-सहा माणसांचा पगार देण्याची ऐपत काढून घेतली तर या मैत्रीचे काय होईल? एकच माणूस, बहुधा बायको किंवा आई, दिवसाचे चोवीस तास कूस बदलते, नळी पाहते, घास भरवते, आणि तिच्यापाशी विनोदाला वेळ उरत नाही. फ्रान्सने या प्रश्नाला ११ फेब्रुवारी २००५ च्या कायद्याने काही उत्तर दिले. अपंगत्वामुळे जो जादा खर्च येतो तो समाजाने भरून द्यायचा, हे त्याचे तत्त्व असून, मदतनीसाच्या वेतनासाठी त्यात स्वतंत्र भत्ता आहे. गरज फार तीव्र असेल तर हा भत्ता दिवसाच्या चोवीस तासांच्या मदतीसाठीही मंजूर होऊ शकतो. फिलीप आणि आब्देल यांची भेट या कायद्याच्या बरीच आधीची आहे. तेव्हा असल्या मदतीचा मुख्य आधार स्वतःची तिजोरी हाच होता.

या ठिकाणी मराठी वाचकाला आपली परिस्थिती आठवल्यावाचून राहणार नाही. पुण्या-मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ‘ब्युरो’तून मामा किंवा मावशी ठेवतात, बारा तासांचे दर वेगळे, चोवीस तासांचे वेगळे, आणि माणूस गावी गेला की घरावर संकट येते. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्या घरी सून किंवा मुलगी नोकरी सोडते. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात उच्च आधाराची गरज असलेल्यांसाठी ३८ वे कलम आहे. पण मदतनीसाच्या पगाराची रक्कम दरमहा हातात पडते असा अनुभव कुणाला विचारून पाहावा. याच २०१६ मध्ये या चित्रपटाची भारतीय आवृत्तीही आली. वंशी पैडिपल्ली दिग्दर्शित हा चित्रपट तेलुगूत ‘ऊपिरी’ आणि तमिळमध्ये ‘तोळा’ या नावाने निघाला. नागार्जुन यांनी चाकाच्या खुर्चीतल्या अब्जाधीशाची आणि कार्ती यांनी तुरुंगातून सुटलेल्या तरुणाची भूमिका केली. वंशाचा प्रश्न इथे आपोआप गळाला. मालकाची श्रीमंती मात्र तशीच राहिली, किंबहुना वाढली. त्याच वर्षी अर्जेंटिनात आणि पुढे अमेरिकेत निघालेल्या आवृत्त्यांतही मालक श्रीमंतच आहे. श्रीमंती काढून घेतली तर गोष्ट उभीच राहत नाही, हे प्रत्येक देशातल्या पटकथाकाराला न सांगता कळलेले दिसते.

चित्रपटाच्या शेवटच्या भागात फिलीपच द्रिसला जायला सांगतो: जन्मभर कुणाची खुर्ची ढकलणे हे काही तुझे काम नव्हे. त्यानंतर पांढऱ्या कोटातले, शिकलेसवरलेले रुग्णसेवक येतात आणि एकामागून एक हाकलले जातात. फिलीप दाढी वाढवून घुम्यासारखा बसून राहतो. त्याच्या नळ्या, मोजे, औषधे या काळातही वेळच्या वेळी होत असणार. म्हणजे काम चालू राहते आणि नाते नाहीसे होते, आणि इथे पहिल्यांदा चित्रपट या दोहोंना वेगळे करून दाखवतो. द्रिस परत येतो तो नोकर म्हणून नव्हे. तो फिलीपची मिशी हिटलरसारखी कापून त्याची टर उडवतो आणि त्याला समुद्रकाठच्या एका उपाहारगृहात सोडून निघून जातो, कारण तिथे फिलीपला पत्रांतून ओळखीची झालेली स्त्री भेटायला येणार असते. प्रत्यक्षातही दोघांची वाट पुढे वेगळी झाली. पोझो दी बोर्गो यांनी मोरोक्कोत दुसरा विवाह केला, एस्सावीरा गावी संसार मांडला आणि १ जून २०२३ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आब्देल सेलू अल्जीरियाला गेले, तिथे त्यांनी लग्न केले आणि कोंबड्यांचा व्यवसाय उभारला. चित्रपट गाजल्यावर त्यांनीही आपली बाजू सांगणारे पुस्तक लिहिले आणि पोझो दी बोर्गो यांच्याशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

पैशाच्या ज्या प्रश्नावर पडद्यावर कुणी बोलत नाही त्याचे थोडे उत्तर चित्रपटाच्या कमाईतून निघाले. नफ्याचे ५ टक्के ‘सिमों द सिरेन’ या फ्रेंच संस्थेला द्यायचे ठरले होते आणि पोझो दी बोर्गो या संस्थेचे मानद अध्यक्ष होते. ही संस्था सामायिक घरे चालवते. अपघाताने किंवा आजाराने अपंगत्व आलेले प्रौढ आणि धडधाकट मदतनीस तिथे एका छपराखाली राहतात, एका टेबलावर जेवतात आणि कुणी नुसती खुर्ची ढकलायला म्हणून येत नाही. तिथल्या रहिवाशांपैकी कुणाला शँपेनच्या कंपनीत अधिकारी असावे लागत नाही, खानदानी आडनावही लागत नाही. मदतनीसाचा खर्च बऱ्याच अंशी २००५ च्या कायद्याने मिळणाऱ्या भत्त्यांतून आणि सार्वजनिक निधीतून भागतो.